२१ हजारांचा दाखला आणि पावणेआठ कोटींचा हिशेब

आमच्या गल्लीत राहणाऱ्या एका खालांच्या पतीचे दोन वर्षांपूर्वी निधन झाले. खाला तीन घरी स्वयंपाक करतात, संध्याकाळी एका शिलाईवाल्याकडे काज-बटणाचे काम करतात. महिन्याला सात-साडेसात हजार हातात येतात. कुणीतरी त्यांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेबद्दल सांगितले. महिन्याला १,५०० रुपये, थेट बँक खात्यात. कागदपत्रांची पिशवी घेऊन त्या माझ्याकडे आल्या आणि मी त्यांच्याबरोबर एका सरकारी कार्यालयात गेले. आत जायच्या आधीच, बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या एजंटाने आम्हाला थांबवले. "बाजी, अंदर जाके टाइम खराब मत करो. तीन हजार दो, आमदनी का दाखला मैं निकालताऊं."

मला राग आला. मी दोन-चार शब्द सुनावले. तो शांतपणे म्हणाला, "फॉर्म पढ़े क्या तुम?"

फॉर्म मी वाचला नव्हता. घरी आल्यावर नियम वाचले. या योजनेत विधवेला अनुदान मिळायचे असेल तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत हवे. म्हणजे महिन्याला १,७५०. पुण्यात १,७५० रुपयांत खोलीचे भाडे भागत नाही, दोन लेकरांचे जेवण तर दूरच. सात हजार कमावणारी बाई या शहरात गरीब आहे याबद्दल कुणाला शंका नाही, सरकारलाही नसावी. पण कागदावर ती गरीब ठरायची असेल तर तिला खोटे बोलावे लागेल आणि त्या खोट्यावर कुणीतरी शिक्का मारावा लागेल. गंमत अशी की, शहरात प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डासाठी उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार आहे. एकाच सरकारच्या दोन खिडक्यांवर एकाच बाईला दोन उत्पन्ने सांगावी लागतात आणि खरे पाहता दोन्ही खोटी.

एजंट जन्माला येतो तो इथे. आपण म्हणतो, माणसे लालची झाली आहेत, ईमान राहिले नाही. असेलही. पण जो नियम प्रामाणिक माणसाला पाळताच येत नाही, तो नियम स्वतःच एक दुकान असतो आणि ते चालवायला माणूस आपोआप मिळतो. स्वीडनचे अर्थतज्ज्ञ गुन्नर मिरडाल यांनी १९६८ साली 'एशियन ड्रामा' या ग्रंथात नेमका हाच मुद्दा मांडला होता. लाच दिल्याने काम लवकर होते असे वाटते खरे, पण लाच मिळते हे कळले की अधिकारी मुद्दाम काम अडवून धरू लागतो. उशीर ही अडचण राहत नाही, ती विक्रीची वस्तू होते. त्याच्या चारच वर्षे आधी, १९६४ मध्ये, आपल्याकडच्या संथानम समितीनेही सरकारी कचेऱ्यांतल्या या 'स्पीड मनी'ची दखल घेतली होती. लालबहादूर शास्त्री गृहमंत्री असताना नेमलेली ही समिती, आणि केंद्रीय दक्षता आयोग तिच्याच शिफारशीतून आला. साठ वर्षे झाली. खुर्ची लाकडाची होती ती प्लास्टिकची झाली.

मी हे सगळे का लिहिते आहे? कारण आपल्या मोहल्ल्यात भ्रष्टाचाराबद्दल बोलताना दोनच सूर ऐकू येतात आणि मला दोन्हींचा कंटाळा आला आहे.

पहिला सूर व्यवहारी माणसाचा. "चहापाणी द्यावे लागते. दिले की काम होते. दोघेही खूश, नुकसान कुणाचे?" हा विचार फक्त नाक्यावरच्या पानटपरीवर होत नाही, एके काळी तो विद्यापीठांतही होत होता. १९६४ मध्ये नथॅनियल लेफ या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने असे लिहिले की, जिथे सरकारी यंत्रणा गंजलेली असते तिथे लाच वंगणाचे काम करते. सॅम्युअल हंटिंग्टनने १९६८ मध्ये त्याच अंगाने मांडणी केली. ऐकायला पटण्यासारखे आहे. पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांनी मात्र अंदाज बांधणे सोडून मोजायला सुरुवात केली आणि वंगणाच्या डब्यात वाळू निघाली. पाओलो माउरो यांनी १९९५ मध्ये अनेक देशांची आकडेवारी मांडून दाखवले की, जिथे भ्रष्टाचार जास्त तिथे गुंतवणूक कमी आणि त्यामुळे वाढीचा वेगही कमी. तीन वर्षांनी त्यांनीच आणखी एक गोष्ट पुढे आणली. भ्रष्ट सरकारे शिक्षणावर कमी खर्च करतात. कारण साधे आहे. शिक्षकाच्या पगारातून किती खाणार? पुलाच्या कंत्राटातून खाता येते.

ज्यांना देशांच्या सरासऱ्या नकोत त्यांच्यासाठी दिल्लीचा ड्रायव्हिंग लायसन्सचा अभ्यास आहे. मरियान बर्ट्रांड, सिमियन जानकोव्ह, रेमा हॅना आणि सेंधिल मुल्लैनाथन या चौघांनी तो केला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केला. लायसन्स काढायला निघालेल्या ८२२ जणांचे तीन गट केले. एका गटाला सांगितले, लवकर लायसन्स आणलेत तर बक्षीस. दुसऱ्याला गाडी चालवण्याचे मोफत धडे दिले. तिसऱ्याला काहीच नाही. मग ज्यांना लायसन्स मिळाले त्यांची संशोधकांनी स्वतः परीक्षा घेतली. मिळवणाऱ्यांपैकी सुमारे ७१ टक्के जणांनी सरकारी चाचणी दिलीच नव्हती आणि सुमारे ६२ टक्के जण तेव्हा गाडी चालवण्याच्या लायकीचे नव्हते. जे एजंटाविना चाचणीला गेले त्यांना नापास करण्याचा आणि त्यांना गाडी येण्याचा फारसा संबंध नव्हता. म्हणजे ज्याला गाडी येते त्याला अडवायचे आणि ज्याला येत नाही त्याला सोडायचे. नुकसान कुणाचे, असे विचारणाऱ्या व्यवहारी माणसाने कात्रज-कोंढवा रस्त्यावर रात्री नऊ वाजता उभे राहावे. समोरून येणाऱ्या टेम्पोचालकाने लायसन्स कसे काढले असेल याचा विचार करत रस्ता ओलांडावा. उत्तर मिळेल.

दुसरा सूर वाइजांचा. लाच देणारा आणि लाच घेणारा दोघांबद्दल धर्माने काय म्हटले आहे ते जुम्म्याच्या बयानात आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते चूक नाही. पण बयान ऐकून बाहेर पडल्यावर आपल्यातला किती जणांचा हात खिशाकडे जायचा थांबतो? आणि आपण धार्मिक आहोत म्हणून आपल्या संस्था आपोआप स्वच्छ राहतील, हा जो भाबडा विश्वास आपल्याकडे आहे, तो कुठून आला?

याच्याही मोजमापाचा एक छान किस्सा आहे. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या कचेरीत जगभरचे राजनैतिक अधिकारी राहतात. त्यांना कायद्याचे संरक्षण असल्यामुळे २००२ पर्यंत चुकीच्या जागी गाडी लावली तरी दंड भरावा लागत नसे. रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल या दोघांनी त्या पावत्या गोळा केल्या. सर्वांत जास्त न भरलेल्या पावत्या माणशी कुवेतच्या अधिकाऱ्यांच्या, इजिप्तही वरच्या रांगेत. आणि शून्य पावत्या असणाऱ्यांत स्वीडन, नॉर्वे, जपान यांच्या शेजारी कोण? तुर्की, ओमान, संयुक्त अरब अमिराती. एकच कलमा पढणारे लोक यादीच्या दोन्ही टोकांना. ज्यांना मुसलमान जन्मतःच अप्रामाणिक वाटतात त्यांनी हे बघावे, आणि ज्यांना मुसलमान जन्मतःच प्रामाणिक वाटतात त्यांनीही. पण किस्सा इथे संपत नाही. २००२ च्या शेवटी शहराने नंबरप्लेट काढून घ्यायला सुरुवात केली आणि पावत्यांचे प्रमाण जवळपास ९८ टक्क्यांनी घसरले. त्या काही आठवड्यांत कुणाचे संस्कार बदलले नव्हते, धर्मही बदलला नव्हता. पकडले जाण्याची भीती तेवढी नवी होती.

आता आपल्या घरात येऊ.

हिंजवडीच्या आयटी पार्कच्या कडेला मुळशी तालुक्यातले माण हे गाव आहे. तिथे ताबूत इनाम एंडोमेंट ट्रस्टची वक्फ जमीन होती. नावच सांगते, गावच्या मोहरमच्या ताबुतासाठी कुणीतरी, कधीतरी नेमून दिलेली जमीन. आयटी पार्कसाठी त्यातली साडेआठ हेक्टरांच्या आसपास जमीन सरकारने संपादित केली आणि साडेनऊ कोटींहून अधिक मोबदला ठरला. वक्फची जमीन गेली तर तिचा पैसा वक्फचाच राहिला पाहिजे, त्यासाठी वक्फ मंडळाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. आरोप असा की मंडळाच्या नावाचे बनावट प्रमाणपत्र दाखवून त्यातले सुमारे पावणेआठ कोटी रुपये उचलले गेले. तक्रार खुद्द वक्फ मंडळाच्या बाजूनेच झाली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अंमलबजावणी संचालनालयाने पुण्यात छापे घातले. कोण दोषी ते न्यायालय ठरवेल, मी ठरवणार नाही.

पण मला वेगळाच प्रश्न छळतो. पावणेआठ कोटी म्हणजे किती? खालांच्या १,५०० रुपयांच्या हिशेबाने, पाचशे विधवांचे साडेआठ वर्षांहून अधिक काळाचे अनुदान. ही रक्कम खात्यातून गेली तेव्हा गावात, तालुक्यात, पुण्याच्या जमातीत एकालाही चुकल्यासारखे वाटले नाही, कारण मुळात ती जमीन आहे, तिचा मोबदला येणार आहे, तो अमुक कामासाठी वापरायचा आहे, हे कुणाला ठाऊकच नव्हते. जी गोष्ट कुणाला ठाऊक नसते ती चोरीला गेल्याचेही कळत नाही.

न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने २००६ मध्ये हा हिशेब देशभराचा मांडला होता. ४ लाख ९० हजारांहून अधिक नोंदलेल्या वक्फ मिळकती, सुमारे ६ लाख एकर जमीन, बाजारभावाने किंमत सुमारे १ लाख २० हजार कोटी. आणि वर्षाचे उत्पन्न किती? १६३ कोटी. नीट वापरल्या तर १० टक्के परताव्याने वर्षाला १२ हजार कोटी मिळू शकतात, असे समितीने लिहिले. आपण या अहवालाचा पहिला भाग तोंडपाठ केला. किती मुसलमान शिकलेले नाहीत, किती नोकरीत नाहीत, बँका कर्ज देत नाहीत. सगळे खरे आणि आजही खरे. त्याच अहवालातले वक्फचे प्रकरण मात्र मोर्च्याच्या भाषणात क्वचितच येते. आले तरी सरकारने बळकावलेल्या जमिनींपुरते येते. सरकारी खात्यांनी वक्फ जमिनी बळकावल्या आहेत, हेही समितीने लिहिले आहे आणि त्याचा जाब मागितलाच पाहिजे. पण उरलेल्या जमिनींवरच्या दुकानांचे भाडे महिन्याला ८० रुपये कुणी ठरवले? पागडी कुणाच्या घरी गेली?

मी एकदा आमच्या भागातल्या एका मशिदीच्या जमातीला विचारले होते. मशिदीच्या सहा दुकानांचे भाडे किती येते, ते सूचनाफलकावर लावाल का? मला मिळालेले उत्तर फार सभ्य होते. "बेटी, अल्लाह के घर का पैसा है, कोई खाएगा तो वो देखेगा." मी म्हणाले, चाचा, तो देखेगा ही, लेकिन तब तक हम भी थोड़ा देख लें. ते हसले. फलकावर नमाजच्या वेळा आहेत, अजूनही तेवढ्याच आहेत. (एक सांगते, त्या सहा दुकानांपैकी एकात मी स्वतः लहानपणापासून बिस्किटे घेत आले, मालकाने भाडे किती देतो ते मला कधी सांगितले नाही आणि मीही कधी विचारले नव्हते. दोष फक्त जमातीचा नाही.)

१९९५ च्या वक्फ कायद्याच्या कलम ४६ नुसार मुतवल्लीने दरवर्षी हिशेब मंडळाला सादर करणे बंधनकारक आहे. म्हणजे मी काही नवे मागत नव्हते. जे कागद छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीच्या कार्यालयात जायलाच हवेत, त्यांची एक प्रत भिंतीवर लावा, एवढेच.

त्याने काय फरक पडतो, असे विचाराल. युगांडात १९९० च्या दशकात सरकार प्रत्येक शाळेला विद्यार्थ्यांमागे अनुदान पाठवत असे. रित्वा राइनिका आणि याकोब स्वेन्सन यांनी शाळाशाळांत जाऊन मोजले. १९९१ ते १९९५ या काळात पाठवलेल्या पैशांपैकी सरासरी १३ टक्केच शाळेपर्यंत पोहोचत होते. बाकी मधल्या कचेऱ्यांत. मग सरकारने दर महिन्याला कुठल्या जिल्ह्याला किती पाठवले ते वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली, शाळांच्या दारावर लावायला सांगितले. काही वर्षांत गळती मोठ्या प्रमाणात थांबली, आणि जिथे वर्तमानपत्र सहज मिळत होते तिथल्या शाळांना जास्त पैसे पोहोचले. बाकी सुधारणाही त्या काळात झाल्या होत्या, सगळे श्रेय छापील कागदाला देणे बरोबर नाही. पण हेडमास्तरांना आकडा कळला होता, आणि आकडा कळलेला माणूस फसवायला जड जातो.

इथे मला माझ्याच चळवळीतल्या मित्रांशीही भांडायचे आहे. आपल्याला वाटते, लोकांना जागे करा, सभा घ्या, लोकच लक्ष ठेवतील. लोकशाही मार्ग म्हणून मला तो प्रिय आहे. पण बेंजामिन ओल्केन यांनी जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशात, इंडोनेशियात, ६०० हून अधिक गावांत रस्त्यांच्या कामावर प्रयोग केला. काही गावांत हिशेबाच्या सभेची शेकडो निमंत्रणे घरोघर वाटली. काही गावांना आधीच कळवले की तुमच्या कामाचे सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार, एरवी ते क्वचितच होत असे. नंतर इंजिनिअरांनी रस्ते खोदून किती खडी-वाळू खरोखर घातली ते मोजले. (पुण्यात यासाठी वेगळे खोदायची गरज पडली नसती.) लेखापरीक्षणाच्या गावांत गायब झालेला खर्च सुमारे ८ टक्के बिंदूंनी कमी झाला. सभांच्या गावांत लोक आले, बोलले, पण एकूण गळतीत फारसा फरक पडला नाही. सभेत कोण बोलते ते आपल्याला माहीत आहे. ज्याचे दुकान मुतवल्लीच्या मेहेरबानीवर चालते तो बोलत नाही. बाई तर सभेत नसतेच, बऱ्याच मशिदींत तिला जागाच नाही. म्हणून सभा हवी, पण सभेच्या आधी बाहेरच्या माणसाने तपासलेला हिशेब हवा. आपला माणूस, शरीफ माणूस, हाजी माणूस हे लेखापरीक्षण नव्हे.

मला माहीत आहे, यावर लगेच येणारे उत्तर कोणते. "आत्ता हे बोलायची वेळ आहे का? सरकारने भ्रष्टाचाराचेच निमित्त करून २०२५ चा वक्फ सुधारणा कायदा आणला. तुम्ही त्यांच्या हातात कोलीत देता." कायद्यातल्या अनेक तरतुदींना माझाही विरोध आहे. पाच वर्षे इस्लाम पाळत असल्याचे सिद्ध करा, मगच वक्फ करा, ही अट तर हास्यास्पद होती. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात तिला स्थगिती दिली. मंडळावर बिगरमुस्लिम सदस्य बसवल्याने चोरी थांबते, हेही वर सांगितलेल्या एकाही अभ्यासातून निघत नाही. खुर्चीवर कोणत्या धर्माचा माणूस आहे याने फरक पडला असता तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात हिंदू देवस्थानांच्या तक्रारींचे गठ्ठे पडले नसते. पण कोलीत मी दिलेले नाही. ते ८० रुपये भाड्याच्या पावतीत होते, बनावट ना हरकत पत्रात होते. वीस वर्षे सच्चर अहवाल हातात असताना आपण स्वतः हिशेब उघडा केला असता, तर संसदेत हे निमित्त सांगायला कुणाला तोंड राहिले नसते.

आणि भ्रष्टाचाराने फक्त पैसा जात नाही. दरवर्षी जागतिक आनंद अहवाल येतो. देशोदेशीची माणसे आपल्या आयुष्याला किती गुण देतात ते त्यात असते, आणि तो फरक समजून घ्यायला सहा गोष्टी तपासतात. उत्पन्न, निरोगी आयुष्य, अडचणीत हाक मारायला कुणी आहे का, आपल्या आयुष्याचे निर्णय घेण्याची मोकळीक, दानत, आणि सहावी, सरकारात व धंद्यात भ्रष्टाचार आहे असे लोकांना किती वाटते. पैसे आणि आरोग्य यांच्या रांगेत ही गोष्ट का बसावी याचे मला पूर्वी नवल वाटायचे. एजंटासमोर उभ्या राहिलेल्या खालांचा चेहरा पाहिल्यापासून वाटत नाही. तीन हजार रुपये ही त्यांची अर्ध्या महिन्याची कमाई. पण त्यांना लागले ते दुसरेच. त्या मला म्हणाल्या, "माझा हक्क असता तर त्याने विकला असता का? म्हणजे माझा हक्क नसेलच." लाचेने माणसाला हे शिकवले जाते की, तुला जे मिळते ते मेहेरबानी आहे. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या २०२४ च्या निर्देशांकात भारताला १०० पैकी ३८ गुण आहेत, १८० देशांत ९६ वा क्रमांक. या आकड्यात खालांचे ते वाक्य कुठे बसते ते मला शोधता आलेले नाही.

उपाय नाहीत असे नाही. दिल्लीच्या झोपडपट्ट्यांत लिओनिड पेसाखिन आणि पॉल पिंटो या दोन संशोधकांनी रेशनकार्डाचा एक प्रयोग केला. काहींनी नुसता अर्ज केला, काहींनी लाच दिली, काहींनी अर्जानंतर माहिती अधिकारात विचारले की माझ्या अर्जाचे काय झाले. लाच देणाऱ्यांना अडीच-तीन महिन्यांत कार्ड मिळाले, माहिती मागणाऱ्यांना सुमारे चार महिन्यांत. नुसता अर्ज करून बसलेल्यांपैकी बहुतेकांना वर्षभरात मिळाले नाही. दहा रुपयांचा अर्ज लाचेच्या जवळपास बरोबरीने चालला. आपल्या राज्यात त्याला २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याचीही जोड आहे, मुदतीत दाखला न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. आपल्या मोहल्ल्यात हे किती जणांना माहीत आहे? आपण हज फॉर्म भरण्याची शिबिरे घेतो, चांगले काम आहे. त्याच टेबलावर माहिती अधिकाराचे फॉर्म ठेवायला किती जागा लागेल? पण पुण्याचा माणूस म्हणून हेही लिहिले पाहिजे की, ही वाट सगळ्यांसाठी सारखी सुरक्षित नाही. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींचे व्यवहार माहिती अधिकारात उघडे करत होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. रेशनकार्डाची माहिती मागणे वेगळे आणि जमिनीची मागणे वेगळे. म्हणूनच जमिनीचा हिशेब एकट्या माणसाने मागायची वेळ येऊ नये, तो न मागता भिंतीवर असावा.

माहिती अधिकार अडवणूक सोडवतो, खोटा नियम सोडवत नाही. २१ हजारांची मर्यादा कितीही अर्ज केले तरी २१ हजारच राहते. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये या देशात गरीब कुणाला म्हणायचे याचा हिशेब मांडला. दोन वेळचे पोटभर अन्न मिळायला किती खर्च येतो, तिथून त्यांनी सुरुवात केली होती. रथ यांनीच १९८५ मध्ये एकात्मिक ग्रामीण विकास योजनेची झडती घेतली आणि सात वर्षांच्या शेवटी जेमतेम ३ टक्के गरीब कुटुंबे त्या योजनेने दारिद्र्याबाहेर आलेली असतील असा निष्कर्ष काढला. ज्या शहरात ही मोजणी झाली त्याच शहरातल्या खिडकीवर आजही महिना १,७५० ची रेघ आहे. ती बदलून घेण्यासाठी आमदारांकडे शिष्टमंडळ न्यायचे तर मी सर्वांत पुढे आहे, आणि त्या शिष्टमंडळात फक्त आपल्याच मोहल्ल्याच्या बायका नसाव्यात. ही रेघ जनता वसाहतीतल्या विधवेलाही तेवढीच कापते.

एजंटाकडे खाला पुन्हा गेलेल्या नाहीत. मी त्यांना खोटा दाखला काढा म्हणू शकत नाही आणि काढू नका असे म्हणण्याचा मला काय अधिकार, १,५०० रुपये माझे जात नाहीत. फॉर्म माझ्या टेबलावर आहे. नाव, पत्ता, पतीच्या मृत्यूची तारीख भरली आहे. उत्पन्नाचा रकाना कोरा आहे.